वेणूताईंची बाजू

"नवरा निवडणुकीला उभा राहिला म्हणून बायकोनं घराचं दार सताड उघडं टाकावं, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?" मी विचारलं.

"दार लावलंय कुणी, ते आधी विचार," आत्या म्हणाली. "तिनं आतून लावलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आपल्याकडे ते बरेचदा बाहेरून लावलेलं असतं. आणि वर आतल्या बाईच्या मर्यादशीलपणाचं कौतुक चालतं."

विषय माझ्या कामावरून निघाला होता. मी ज्या दैनिकासाठी लिहितो त्याच्या पुरवणीला उमेदवारांच्या पत्नींवर मालिका हवी होती. लग्न कसं जमलं, साहेबांना जेवायला काय आवडतं, प्रचाराच्या धावपळीत मुलांचा अभ्यास कोण घेतं, असे प्रश्नही तयार करून पाठवले होते. मी नको म्हणालो. कराडला आल्यावर आत्याला हे सांगितलं, तेव्हा ती खूश होईल अशी माझी अपेक्षा होती. तिनं आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि पुढाऱ्यांच्या घरातल्या गावगप्पांचा तिला तिटकारा आहे. पण माझा नकार तिला पटला नाही.

"प्रश्न टाकाऊ आहेत, मान्य. मग प्रश्न बदलायचेस. बाई कशाला वगळलीस?"

"कारण उमेदवार ती नाही. मत तिला द्यायचं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ साली एकमतानं सांगितलं. पुढाऱ्याशी लग्न केलं म्हणून हा हक्क गळून पडतो, असं त्यात कुठंही नाही."

"न्यायालय राहू दे. वेणूताईंचं बघ."

कराडात वेणूताई म्हटलं की पुढे चव्हाण लावावं लागत नाही. त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, त्यांच्या पश्चात पती यशवंतरावांनी उभारलेलं स्मारक आहे. तरी त्यांच्याविषयी सांगा म्हटलं तर चार वाक्यांनंतर बोलणारा यशवंतरावांकडे वळतो. आत्याला नेमकं हेच सलत होतं.

"२ जून १९४२ ला इथं कराडात लग्न झालं. फलटणच्या मोऱ्यांची लेक. ऑगस्टमध्ये 'चले जाव' सुरू झालं आणि नवरा भूमिगत. अंगाची हळदसुद्धा नीट उतरली नसेल. जानेवारीत पोलिसांनी तिलाच उचललं. लग्नानंतरची पहिली संक्रांत, नव्या सुनेचे सगळे लाड व्हायचे दिवस, आणि ही तुरुंगात. गुन्हा काय, तर नवरा सापडत नाही. सुटल्यावर आजारी पडली, फलटणला माहेरी होती. तिला बघायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथं पकडले गेले. आता सांग, यातलं घरगुती कुठं संपतं आणि राजकारण कुठं सुरू होतं? आजारी बायकोला भेटायला जाणं याहून खासगी काय असतं? पण त्या भेटीपायी साताऱ्याच्या चळवळीतला एक म्होरक्या आत गेला. हे वगळून त्या चळवळीचा इतिहास मी मुलांना कसा शिकवू?"

"पण तुला हे कळलं ते यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ' लिहिलं म्हणून. वेणूताईंनी सांगितलं म्हणून नाही."

"तेच तर माझं दुखणं आहे."

"माझं दुखणं वेगळं आहे," मी म्हणालो. "याच कहाणीला पुढे काय फाटे फुटले, ते तूही ऐकतेस. त्यांना मूलबाळ झालं नाही. का झालं नाही, यावर जयंतीच्या भाषणांत, दिवाळी अंकांत आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात किती कथा आहेत! नवरा-बायकोतलं बोलणं लोक शब्दन् शब्द सांगतात, जसे काही उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. वेणूताई १ जून १९८३ ला गेल्या. त्या असताना कुणी त्यांना विचारलं नाही, आणि गेल्यावर विचारायचा प्रश्नच उरला नाही. एका बाईच्या कुशीची चर्चा नवऱ्याच्या मोठेपणाचा दाखला म्हणून भर सभेत होते, आणि ऐकणारे डोळे पुसतात. आदरानं केलेली असली तरी ही घुसखोरीच आहे."

आत्यानं यावर वाद घातला नाही. ती कथा आपण वर्गात कधीच सांगितली नाही, एवढंच म्हणाली. मला मात्र अजून वाटतं, की आपल्या समाजाची मोठी गफलत इथं होते. निंदेसाठी कुणाच्या घरात डोकावलं तर आपल्याला ते चुकीचं वाटतं. कौतुकासाठी डोकावलं तर ती श्रद्धा ठरते. आतल्या माणसाला दोन्ही वेळा सारखंच उघडं पडावं लागतं.

पण आत्याकडे पुढचा मुद्दा तयार होता.

"यशवंतरावांची परदेशातून वेणूताईंना लिहिलेली पत्रं तू वाचलीस?"

वाचली होती. 'विदेश-दर्शन' या नावानं ती पुस्तकरूपानं आली. देशोदेशीची शहरं, भेटलेली माणसं, बैठका, प्रवासातले विचार, असं पुष्कळ काही त्यांत आहे.

"मग त्यातून वेणूताई कोण दिसते? जो माणूस देशाचा संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री होता, तो दिवसभराच्या वाटाघाटी संपल्यावर रात्री बसून हे सगळं कुणाला सांगतोय? ज्या बाईला यातलं काही कळत नाही, तिला कुणी असं लिहीत नाही. तिला कळत होतं, तिला रस होता, आणि तिला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. आपण मात्र तिला देवघरात बसवून ठेवलं. सोशिक, शांत, घरंदाज. त्या पत्रांचा कागद खासगी होता म्हणून ती छापली नसती, तर ही वेणूताई मला कधी भेटलीच नसती."

"पुस्तकात पत्रं त्यांची आहेत, तिची नाहीत."

"नाहीत ना! मग तूच सांग, तिची बाजू समजायला मी जाऊ कुठं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की बाजू समजत नाही म्हणून ती आपण रचायची, हा त्यावरचा उपाय नव्हे. तिची पत्रं नाहीत, तर ती नाहीत असं लिहावं आणि जागा मोकळी सोडावी.

"मोकळी जागा कुणी सोडत नाही रे. तू सोडलीस तर दुसरा भरतो. लोकमान्य मंडालेला होते तेव्हा, १९१२ साली, सत्यभामाबाई इकडे गेल्या. इतक्या मोठ्या माणसाची बायको, चाळीस वर्षांचा संसार, आणि तिच्याविषयी आपल्याला माहीत काय? नवरा तुरुंगात असताना वारली, एवढंच. तिला काय वाटत होतं, तिनं घर कसं चालवलं, कुणाला नोंद ठेवावीशी वाटली नाही. घरातलं बाहेर काढायचं नाही, ही त्या काळची रीत. तुझ्या तोंडी आज तीच रीत आहे, फक्त तिला आता कायद्याचा आधार मिळालाय."

हा घाव बसला. पण मी म्हणालो, "रीत वेगळी आणि हक्क वेगळा. रीत तिला गप्प बसवते. बोलायचं की नाही हे तिनं ठरवायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. रमाबाई रानड्यांनी ठरवलं आणि लिहिलं."

आत्याचा चेहरा खुलला, कारण रमाबाई हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. यशवंतरावांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्र्यात, आजोळी झाला. त्याच देवराष्ट्र्यात १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी यमुना जन्मली, ती लग्नानंतर रमाबाई रानडे झाली. एकाच गावाशी जोडलेल्या दोन बायका, मध्ये दोन-तीन पिढ्यांचं अंतर. आधीची लिहून गेली, नंतरचीला दुसऱ्यांच्या लिहिण्यात शोधावं लागतं. काळ पुढे गेला की बाईचा आवाज आपोआप मोठा होतो असं आपण धरून चालतो, ते इथं टिकत नाही.

"'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं," आत्या म्हणाली. "त्यात घरातल्या बायकांचे टोमणे आहेत, चोरून केलेला अभ्यास आहे, नवऱ्याचा आजार आणि शेवट आहे. न्यायमूर्तींच्या माजघरातलं इतकं सांगितलं म्हणून रानडे लहान झाले का? उलट आज लोकांना रानडे भेटतात ते तिच्या आठवणींतून. २०१२ मध्ये त्यांच्या संसारावर 'उंच माझा झोका' ही मालिका आली, तेव्हा संध्याकाळी घराघरांत लोक ती बघत बसायचे."

"पण लिहिलं कधी? न्यायमूर्ती १९०१ साली गेले, त्यानंतर. प्रस्तावना गोखल्यांची. न्यायमूर्ती हयात असताना तिला असं लिहिता आलं असतं? आणि नवऱ्याविषयी जे टोचलं असेल ते सगळं त्यात आलं असेल, असं तुला वाटतं?"

"सगळं कुणीच लिहीत नाही. पण काय वगळायचं ते तिनं निवडलं. तुला हवा असलेला हक्क तो हाच ना?"

"हाच. पण तिच्या लग्नाची दुसरी बाजूही बघ. १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी आता विधवेशी लग्न करावं, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यावर जाहीर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. कारण जी गोष्ट ते लोकांना करायला सांगत होते ती त्यांनी स्वतःच्या घरी केली नाही. जाब रानड्यांना विचारायचा होता."

"म्हणजे वेळ आली की तूही घरात शिरतोस."

"त्याच्या वागण्यापुरता. त्या ११ वर्षांच्या मुलीला त्यात काय बोलायचं होतं? तिला लोकांनी न्यायमूर्तींची चूक म्हणून बघितलं, तर तो तिच्यावर अन्याय."

"मुलीला वगळून लग्नाची चर्चा कशी करणार तू? लग्न दोघांचं असतं. एकाचा कागद फाडला की दुसऱ्याचाही फाटतो."

मग आम्ही गांधीजींकडे वळलो, ते मी वळवलं म्हणून. 'सत्याचे प्रयोग'मध्ये गांधीजींनी वडील गेले त्या रात्रीचं लिहिलं आहे. ते शेजारच्या खोलीत पत्नीजवळ होते, आणि ती गरोदर होती. स्वतःची लाज इतक्या उघडपणे सांगायला विलक्षण धैर्य लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या खोलीत कस्तुरबाही होत्या. सत्याचा प्रयोग एकाचा होता आणि उघडे दोघे पडले. बांनी हो म्हटलं होतं का, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या किती वाचकांना पडतो?

"मला पडलाय," आत्या म्हणाली. "आणि त्याच्या पुढचाही पडतो. बांना लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. त्यांना उत्तर लिहायचं असतं तरी कसं लिहिणार होत्या? म्हणून तर मी म्हणते, नुसतं 'तिचा हक्क' म्हणून भागत नाही. हक्क वापरायला साधन लागतं, ऐकणारं कुणी लागतं. तू वार्ताहर आहेस. ऐकायला जाणं हेच तुझं काम. आणि तू तर जायलाच नको म्हणतोयस."

खरं सांगायचं तर इथपर्यंत ती मला हळूहळू मागे रेटत होती. पण पुढचं नाव तिनं घेतलं, ते तिच्याच मुद्द्याला जड गेलं असं मला वाटतं. ते नाव सविता आंबेडकरांचं.

डॉ. शारदा कबीर या मुंबईच्या डॉक्टर. १५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांशी त्यांचं लग्न झालं आणि त्या सविता आंबेडकर, लोकांच्या माईसाहेब, झाल्या. बाबासाहेबांना मधुमेह होता, प्रकृती ढासळत होती, आणि पुढची वर्षं पथ्य, औषध, इंजेक्शन हे सगळं त्यांच्याकडे होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी त्या शेजारी उभ्या होत्या. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि संशयाचं बोट थेट पत्नीकडे वळलं. जात ब्राह्मणाची आणि हाती औषधं. मृत्यू नैसर्गिक असल्याचं सरकारी चौकशीत निष्पन्न झालं, तरी बोट खाली आलं नाही.

"आता ऐक," आत्या म्हणाली. "'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी बाबासाहेबांनी एक प्रस्तावना लिहिली होती. पत्नीनं आणि डॉ. मालवणकरांनी आपलं आयुष्य वाढवलं, असा ऋणनिर्देश तिच्यात होता. १९५७ साली ग्रंथ छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. बाबासाहेबांची स्वतःची साक्ष लोकांपुढे असती, तर माईसाहेबांना इतकं भोगावं लागलं असतं? त्यांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' आलं १९९० साली. मधल्या ३० वर्षांहून जास्त काळ दुसरे बोलत होते. झाकल्यानं बाई सुरक्षित राहत नाही. झाकलेल्या जागेत संशय वाढतो."

"मला उलटं दिसतं," मी म्हणालो. "ती प्रस्तावना छापायला हवी होती, यात वादच नाही. ते बाबासाहेबांचं लिखाण होतं, त्यांनी ते छापण्यासाठीच लिहिलं होतं. पण माईसाहेबांवर हे आलं ते माहिती कमी होती म्हणून नाही आलं. चौकशीचा निष्कर्ष होताच की समोर, लोकांनी तो मानला नाही. बाबासाहेबांवर आपला हक्क, म्हणून त्यांच्या आजारपणावर, त्यांच्या खोलीवर आणि त्या खोलीतल्या बाईवरही आपलाच हक्क, असं लोक धरून चालले. एका विधवेला नवऱ्याचं दुःख करायच्या आधी औषधांचा हिशेब द्यावा लागला. आणखी माहिती दिली असती तर तिच्यातूनही आणखी प्रश्नच काढले गेले असते."

"त्या लोकांचंही समजून घे. बाप गेला होता त्यांचा. ज्यानं माणूसपण दिलं तो दीक्षेनंतर दोन महिन्यांत गेला. त्यांनी विचारू नये?"

"विचारावं. उत्तर मिळाल्यावर थांबावं."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांबले नाहीत, हे खरं." पण तेवढ्यानं तिनं आपलं म्हणणं मागे घेतलं असं कुणी समजू नये. माईसाहेबांनी लिहिलं म्हणूनच आज आपण त्यांच्या बाजूनं भांडतो आहोत, हे तिनं मला लगेच ऐकवलं. तेही खोटं नाही.

पैशाच्या बाबतीत आमचं चटकन जुळलं. २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला शपथपत्रात स्वतःबरोबर जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता व देणी जाहीर करावी लागतात. २०१८ च्या निकालानं त्यात उत्पन्नाच्या स्रोतांचीही भर पडली. जमीन बायकोच्या नावावर, सोनं बायकोच्या नावावर, भागीदारीत तिची सही, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास चालतो की तिथं खासगीपणाची सबब मलाही मान्य नाही. सरपंचपतींचंही तेच. निवडून आलेली बाई घरात आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीत नवरा, तर तो नवरा सत्ता वापरतोय. त्याला विचारलंच पाहिजे, मग त्याचं नाव मतपत्रिकेवर असो वा नसो. महिला बचत गटांच्या संघाची किंवा पतसंस्थेची अध्यक्ष पुढाऱ्याची पत्नी असेल, तर तिलाही तिच्या कारभाराविषयी विचारावं. तिथं ती कुणाची पत्नी म्हणून बसलेली नसते.

"मग हेच विचार तिला," आत्या म्हणाली. "तुझ्या त्या उमेदवाराच्या बायकोला. शपथपत्रात तिच्या नावावर काय आहे, ते तिला माहीत आहे का, तिनं वाचून सही केली का. संस्था चालवत असेल तर तिचा कारभार. प्रचारात ती दिवसभर काय काम करते, माणसं कशी सांभाळते, त्याचं श्रेय कुणाला जातं. जेवणाचं आणि लग्नाचं राहू दे."

"हे विचारायला माझी ना नाही."

"आणि शेवटी एक. तुझ्याविषयी काय छापून यावं आणि काय येऊ नये, असं तुला वाटतं? हा प्रश्न वेणूताईंना कुणी विचारला असता तर आज मला त्यांच्या नवऱ्याच्या पत्रांत त्यांना हुडकावं लागलं नसतं."

"ती म्हणाली, काहीच येऊ नये. मग?"

"मग तेवढंच छाप. बोलायचं नाही असं त्यांनी सांगितलं, म्हणून."

"तेही छापणार नाही मी. उद्या सोसायटीच्या पायरीवर लोक विचारतील, का नाही बोलली, काय लपवतेय. माईसाहेबांचं काय झालं ते आत्ताच तू सांगितलंस."

"छापलं नाहीस तर ती पुन्हा नसल्यातच जमा. नाही म्हणायचं स्वातंत्र्य तिनं वापरलं, याची तरी नोंद राहू दे."

"नोंद कुणासाठी? तिच्यासाठी की तुझ्या इतिहासासाठी?"

"दोघांसाठी," आत्या म्हणाली, आणि या एका शब्दावर आमचं पुन्हा अर्धा तास वाजलं.

पुण्याला परतल्यावर पुरवणीच्या संपादकांना मी नवे प्रश्न पाठवले. त्यात शपथपत्र आहे, संस्थांचा कारभार आहे, प्रचारातलं काम आहे आणि आत्याचा शेवटचा प्रश्नही आहे. मुलाखत देणाऱ्या बाईनं लेख छापण्याआधी वाचावा आणि तिला खटकेल तो घरगुती मजकूर काढला जावा, ही अट मी स्वतः घातली. कारभाराच्या प्रश्नांना मात्र ही अट लागू नाही, हेही लिहिलं. जी बाई नकार देईल तिचा नकार छापायचा की नाही, हा रकाना मी कोराच ठेवला. त्यावर आत्याचा रोज फोन येतो.